विलायती गाडी, पत्ता येडशी

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आम्ही उभयता येडशीला होतो. आमचे साडूभाऊ तिथले. प्राथमिक शाळेत हयात घालवून ते निवृत्त झाले, पण गाव त्यांना अजून गुरुजीच म्हणते आणि गावाचे पाहून मीही म्हणतो. पाऊस बरा झाला होता. रामलिंगाच्या दरीत धबधबा भरून वाहत होता, रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि देवापुढून परत फिरताना माझ्या हातातली खोबऱ्याची वाटी एका माकडाने इतक्या सराईतपणे काढून घेतली की मी त्याला नकळत "घ्या" म्हणालो.

संध्याकाळी सोमवार सोडला आणि आम्ही दोघे ओसरीवर सुपारी कातरत बसलो. तेव्हा गुरुजींनी कोनाड्यातून एक घडी घातलेला कागद काढला.

"साडूभाऊ, तुम्ही कस्टमातले. एवढं जरा नजरेखालून घाला."

वाचकहो, मुंबईच्या कस्टम हाउसात मी तीस वर्षे कारकुनी केली. त्या नोकरीने पैसा फार दिला नाही, पण नातेवाईक फार दिले. कुणाचा जावई दुबईहून येतो आहे, किती तोळे चालतील? कुणाची सून अमेरिकेहून मिक्सर आणते आहे, खोक्यासकट आणावा की खोके फेकून? निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा कधी रिकामी राहत नाही. तेव्हा कागद पुढे आला याचे मला नवल वाटले नाही. कागदात काय आहे ते वाचून मात्र अंमळ वाटले.

गुरुजींचे चिरंजीव सात वर्षे विलायतेत आहेत. मोटारींच्या धंद्यातच इंजिनियर आहेत. तिथे त्यांनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे: माझदा कंपनीची एमएक्स-५. दोनच माणसे बसणारी, टप मागे टाकला की उघडी होणारी, तांबडी. जपानात हिरोशिमाला १९८९ पासून ही गाडी बनते, दहा लाखांवर बनल्या, आणि दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी खपलेली दुसरी नाही. चिरंजीवांची २०१० सालची. किंमत साडेतीन हजार पौंड, म्हणजे आपले चार लाख. आपल्याकडे तसल्या उघड्या दोन आसनी गाडीला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. तेव्हा चिरंजीवांनी हिशेब मांडला होता: गाडीचे चार लाख, बोटीचे दीड लाख, आणि पुढे "इकडचा कर, काकांना विचारून" असे लिहून जागा कोरी ठेवली होती. खाली एकच ओळ होती. गाडी आणता आली तर मी कायमचा परत येतो, पुण्याला नोकरी बघतो.

आतून आमची मेहुणी पदराला हात पुसत आली. "दाजी, गाडी आली की पोरगं येतंय. तेवढं बघा."

"कराची सोय आहे," गुरुजी म्हणाले. "हमरस्त्याकडचा एकर काढतो. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलंय."

माझ्या हातातला अडकित्ता थांबला.

आता सांगायचे ते कसे सांगावे? चार लाखांची गाडी चार लाखांतच राहते अशी बहुतेकांची समजूत असते, आणि ती समजूत मोडणे हेच माझे तीस वर्षांचे काम होते. म्हटले, क्रमाने जाऊ. पहिली गोष्ट अशी की, कायमचे बिऱ्हाड हलवून परत येणाऱ्याला घरसामानावर सवलत मिळते हे खरे. पण मोटार त्या सामानात धरत नाहीत. १९६२ च्या कस्टम कायद्यात 'बॅगेज' कशाला म्हणावे याची जी व्याख्या आहे, तिच्यातूनच मोटारगाडी वगळली आहे. माणूस घरचा म्हणून परत येतो, पण त्याची गाडी माल म्हणून येते.

दुसरी गोष्ट वयाची. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगाचा काटा किलोमीटरचा हवा, आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला सोयीचा हवा. ती उतरते फक्त मुंबईच्या बंदरात. उतरल्यावर तिची परीक्षा होते, ती अहिल्यानगरच्या लष्करी वाहन संस्थेत, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्चमध्ये किंवा मध्य प्रदेशात बुधनीला. शिवाय ती इथल्या रस्त्यावर आणखी पाच वर्षे धावेल आणि तिची दुरुस्ती इथे होईल, याची हमी द्यावी लागते.

विलायतेत गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या असतात, ती अट तिथली गाडी आपोआप पुरी करते. काटा मैलांचा असतो, तो बदलता येतो. वय बदलता येत नाही.

"म्हणजे ही गाडी येतच नाही?" गुरुजींनी विचारले.

"येत नाही."

"मग तीन वर्षांच्या आतली घेईल तो. त्याला काय, तिकडं जुन्या गाड्या रस्त्यावर पडल्यात."

गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवले आहे, म्हणून मी पाटीवरच उतरलो. कस्टमवाले तुमची पावती पाहतात, पण वापरलेल्या गाडीच्या बाबतीत तिच्यावर विसंबत नाहीत. ती गाडी नवी असताना तिची किंमत काय होती ते ते काढतात आणि तिच्यातून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे तीन वर्षांचे १६ अधिक १२ अधिक १०, एकूण ३८. समजा नवी गाडी ३०,००० पौंडांची; तीन वर्षांनी ती धरायची १८,६०० ला. मग तुम्ही ती मित्राकडून दहा हजारांत मिळवलेली असो की सासऱ्याने फुकट दिलेली असो. त्यात बोटीचे भाडे आणि विमा मिळवायचा, की वीस हजार. कर त्या वीस हजारांवर, आणि सगळ्या करांची बेरीज त्या रकमेच्या दुपटीहून जास्त. गाडी बंदराबाहेर निघेपर्यंत साठ हजार पौंडांच्या वर, आपले सत्तर लाख. पुढे महाराष्ट्रात परदेशी गाडीला नोंदणीच्या वेळी एकरकमी कर २० टक्के. तो आणखी चौदा लाख.

गुरुजींनी पाटी हातात घेऊन दोनदा बेरीज तपासली. मग एकदम हसायला लागले.

"ही तर आबांची सायकल झाली!"

ही सायकल मला ठाऊक नव्हती. तुम्हांलाही सांगितली पाहिजे, आणि त्यासाठी जरा मागे जायला हवे. येडशी आणि बार्शी यांच्यामध्ये आज नुसता घाट आहे. १९४८ पर्यंत तिथे सरहद्द होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. येडशी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाकडे. निजामाचा रुपया निराळा, त्याला हाली म्हणत. आणि निजामाची जकातही निराळी, तिला करोडगिरी म्हणत. विलायतेहून आलेल्या मालावर मुंबईच्या बंदरात इंग्रजांचा कर बसे, आणि तोच माल निजामाच्या मुलखात शिरला की करोडगिरीचे पाच टक्के वर. (येडशीला पहिली विलायती गाडी आली तीही याच वाटेने. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत झाली आणि पुढे येडशीवरून १९११ साली लातूरला पोचली. रूळ अडीच फुटी, इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातली. चिरंजीवांच्या आधी शंभरावर वर्षे ही मंडळी विलायतेहून गाडी आणून बसली होती, हे मी मेहुणीला सांगून पाहिले. तिला त्याचे काही वाटले नाही.)

तर गुरुजींच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, बार्शीच्या पेठेतून एक कोरी विलायती सायकल घेतली. पाच टक्के म्हणजे तीन-चार रुपये. पण आबांना ते डोळ्यांत खुपले. त्यांनी काय करावे? सायकल ओढ्यातून काढली, चिखलात लोळवली, सीटवर वीट घासली, आणि संध्याकाळी नाक्यावर आले ते दहा वर्षे जुनी सायकल दामटीत आल्यासारखे. कारकुनाने सायकलीभोवती एक फेरी मारली. मग बोटाने टिचकी दिली. खणखणीत वाजली. "सायकल पुरानी, घंटी नई?" आबा सगळीकडे चिखल लावून घंटी तेवढी विसरले होते. पाच टक्के भरले, आणि घासलेली सीट बदलायला पुन्हा बार्शीला गेले.

"तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही लपवू लागलं की आई म्हणायची, घंटी वाजतीय," गुरुजी म्हणाले.

गाडीवरचा कर चुकवण्याचे आजचे मार्ग काही आबांपेक्षा फार निराळे नाहीत. एक मार्ग पर्यटकाचा. परदेशी राहणारा माणूस 'कार्ने' नावाच्या जामिनाच्या चोपडीवर आपली गाडी सहा महिने बिनजकाती आणू शकतो, पण ती परत नेण्याच्या बोलीवर. काही मंडळी ती परत न्यायचे विसरतात. दुसरा मार्ग वकिलातींचा. परराष्ट्राच्या अधिकाऱ्याला जकात माफ असते, म्हणून त्याच्या नावावर गाडी येते आणि फिरवतो भलताच. तिसरा डोंगरांतून. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टमने भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या गाड्यांसाठी झडत्या घेतल्या आणि बऱ्याच गाड्या ताब्यात घेतल्या. त्या मोहिमेचे नाव 'नुमखोर', भूतानी भाषेत वाहन. त्यात सिनेनटांची घरेही होती. आणि जुन्या गाडीचे कागद बदलून ती तीन वर्षांच्या आत बसवणे हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग, जो इंजिनावर कोरलेल्या आकड्यापाशी येऊन अडतो. घंटी कुठे ना कुठे वाजते.

हे सगळे मी सांगत होतो, पण मेहुणीच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते की तिच्या मनात दुसरेच आहे. अखेर तिने विचारलेच. "सचिनला कशी सोडली मग? त्याची गाडी आली की नाही तांबडी?"

हा प्रश्न मला गेली वीस वर्षे विचारला जातो, आणि त्याचे उत्तर अर्धेच लोकांना ठाऊक असते. २००२ च्या एप्रिलात तेंडुलकरने पोर्ट ऑफ स्पेनला एकोणतिसावे कसोटी शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली. जुलैत इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला फियाट कंपनीतर्फे शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. किंमत पाऊण कोटीच्या आसपास. ती भारतात आणायची तर जकात एक कोटीच्या वर. माणूस साहित्य सहवासात वाढलेला, तुमच्याआमच्या घरातला. त्याच्या जकातीचे ओझे सगळ्या महाराष्ट्राला आपल्या डोक्यावर आल्यासारखे वाटले.

आता इथे एक बारीक मुद्दा आहे. त्याच्या आधी १९८५ साली रवी शास्त्रीने मेलबर्नला ऑडी गाडी जिंकली होती. ती बक्षीस होती. राजीव गांधींच्या सरकारने तिची जकात माफ केली आणि गाडी मुंबई बंदरात उतरली तेव्हा बघ्यांची ही झुंबड उडाली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. आपले काम टाकून मीही पाहायला गेलो, हे आता सांगायला हरकत नाही. पण सचिनची फेरारी कुठल्या स्पर्धेत जिंकलेली नव्हती, ती भेट होती. बक्षिसाला माफीची वाट होती, भेटीला नव्हती. तरी २००३ साली सरकारने माफी दिली, आणि मग ओरड सुरू झाली. शेतकऱ्याच्या पंपाला कर आणि फेरारीला माफी? दिल्लीच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. शेवटी ती जकात फियाट कंपनीने भरली. भेट देणाऱ्याने भेटीची जकातही द्यावी, हे मला तेव्हाही योग्य वाटले, आजही वाटते, पण वीस वर्षांत ज्या ज्या पंगतीत मी हे सांगितले, तिथे तिथे समोरचा माणूस "माफ झाली होती ना?" एवढ्यावरच थांबलेला असतो. २०११ साली ती फेरारी विकली गेली, सुरतेला गेली. जकातीची गोष्ट मात्र अजून आमच्या पंगतीत आहे.

"म्हणजे सचिनचीसुद्धा कुणीतरी भरली," मेहुणी म्हणाली.

"भरली."

"मग आमचीही आम्ही भरू."

या उत्तरावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते. नवी पाटी पुढे करावी तर कोणती? २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी व्यापाराचा करार झाला, त्यात गाड्यांवरची जकात ठरावीक संख्येपुरती पुढे १० टक्क्यांपर्यंत उतरवायचे ठरले. पण ती त्या देशात बनलेल्या गाड्यांसाठी. चिरंजीवांची तर जपानी. हे मी सांगितले नाही. त्या माउलीने "दहा टक्के" एवढेच ऐकले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायच्या निमित्ताने हमरस्त्याकडे गेलो. तो एकर पाहिला. सोयाबीन गुडघ्याला लागत होते. बांधावर उभे राहून मी विलायतेला फोन लावला. तिकडे पहाट असावी, तरी चिरंजीवांनी लगेच उचलला. कामावर निघालो आहे म्हणाले.

मी म्हटले, "अरे, तुझ्या गाडीला तीन वर्षांचा नियम आडवा येतो."

"हो काका. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

मी मोटारींच्या धंद्यातल्या माणसाला मोटारीचा नियम सांगत होतो. माझी मलाच शरम वाटली. "मग हा कागद कशाला पाठवलास बाबा?"

तो बराच वेळ बोलला नाही. पलीकडे पाऊस असावा. वायपरची खर्र खर्र ऐकू येत होती. त्याच गाडीत बसला होता तो. मग म्हणाला, "आई दर रविवारी विचारते, कधी येणार. मला इथे बरं चाललंय, काका. पण तिला नाही म्हणवत नाही. गाडीचं म्हटलं की निदान सहा महिने तो विषय चालतो. पुढे सरकारनेच नाही म्हटलं असतं."

"वडील एकर विकताहेत."

वायपर थांबले. त्याला हे ठाऊक नव्हते. त्याच्या हिशेबात इकडच्या कराची जागा कोरी होती, आणि ती कशाने भरली जाईल याचा विचार त्याने केला नव्हता. सात वर्षे परदेशी राहिलेल्या माणसाच्या हिशेबात अशी एखादी जागा राहते. मी त्याच्यावर रागावलो नाही. रागवायला हवे होते असे आमच्या कुटुंबाचे मत आहे.

मी त्याला एवढेच बजावले: "मी दिवाळी अंकाला हे लिहिणार आहे. मजकूर मला भाद्रपद संपताना द्यायचा आहे, आणि तुझे वडील हे साप्ताहिक पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचतात. त्यांना छापलेले वाचायला लावू नकोस. तू स्वतः सांग. आणि एकराचे आजच सांग."

एकराचे त्याने त्याच दिवशी सांगितले. गाडीचा नाद सोडला, जमीन काढू नका, असे. उरलेले सांगायला त्याला पाच आठवडे लागले, आणि ते पाच आठवडे माझ्या वाट्याला आले. आम्ही निघालो तेव्हा मेहुणी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधीत होती. डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "तुमच्या कस्टमनं आमचं पोरगं अडवलं, दाजी." गुरुजी म्हणाले, "अगं, त्यांनी काय केलं? नियम आहे." पण त्यांनाही तसेच वाटत होते. तीस वर्षे मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, त्या खऱ्या नियमांबद्दल होत्या. ही एक तेवढी माझ्या खात्याच्या हिशेबी नव्हती, आणि मी ती मुकाट्याने पदरात घेऊन गाडीत बसलो.

भाद्रपद संपायला चार दिवस असताना गुरुजींचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता, जरा सावकाश.

"सांगितलं त्यानं."

"काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणायचं? घंटी केव्हाची वाजत होती. मीच ऐकत नव्हतो." थोडे थांबून म्हणाले, "सोयाबीन निघालं की पासपोर्टाचं बघतो. दोघांचा. तिकडं किती थंडी असती हो चैत्रात?"

मी थंडीचे सांगतो आहे तोच मेहुणीने फोन घेतला. रडून झाले असावे. नाक जड होते. पण तिने चिरंजीवांचे नाव काढले नाही.

"दाजी, तिकडच्या कस्टमात कुंथलगिरीचा पेढा चालतो का हो? जास्त नाही, दोन किलो."

बघून सांगतो म्हटले, आणि बघितले. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्याला दुधाचा कुठलाही पदार्थ बरोबर नेता येत नाही. आणि पेढा म्हणजे खवा, खवा म्हणजे दूध. तिला मी अजून कळवलेले नाही. अंक येडशीला पोचला की कळेल.